बोके, कोंबडीची पिल्लं आणि टेकडीवरचे पक्षी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात बावधनला टेकडीच्या पायथ्याशी आमचं जुनं बैठं घर आहे. मागच्या अंगणात सासऱ्यांनी हौसेनं गावरान कोंबड्या पाळल्यात. सात-आठ तलंगा (तरुण कोंबड्या), एक कोंबडा, आणि अंड्यांवर खुडूक बसलेल्या एकीची पिल्लं. पिल्लं अकरा निघाली होती, आता सहाच राहिलीत. संशय अर्थातच मांजरांवर. वर्षभरात गल्लीत त्यांची संख्या फार वाढलीय. एक दांडगा पिवळा बोका तर भरदुपारी कुंपणावर बसून अंगणाकडे टक लावून असतो. शेजारच्या काकू सगळ्यांना रोज मासळीची डोकी आणि दूधभात घालतात. काकूंशी आमचं फार चांगलं आहे आणि ते तसंच राहायला हवंय.

कोंबड्यांइतकीच मला दुसरीही काळजी आहे. जास्वंदीतलं बुलबुलाचं घरटं एका रात्रीत रिकामं झालं, खाली नुसती पिसं. पायरीवर ऊन खायला येणाऱ्या सापसुरळ्या दिसेनाशा झाल्यात. मागच्या गवतातले तित्तिरही गप्प आहेत.

सासरे म्हणतात, पोत्यात भरून टेकडीपलीकडे सोडून येऊ, गावाकडे हेच करतात. मला ते पटत नाही, पण 'मग काय करू ते सांग' म्हटलं की मीही गप्प. परवा सकाळी खुराडं उघडलं तर अंड्यांची टरफलं पडलेली आणि एका तलंगीच्या मानेला जखम. खुराड्याला षटकोनी तारेची जाळी आहे. हेही मांजराचंच काम का? आणि मांजरांची नसबंदी करून घ्यायची तर सुरुवात कुठून करू? (विषबिष सुचवणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.)

मुळशीचा कोंबडीवाला :
ताई, सगळं एकट्या बोक्याच्या माथी मारू नका. पिल्लू अख्खं गायब, मागे रक्त नाही, पीस नाही, तर मांजर. पण कावळा आणि शिक्रा हा शिकारी पक्षीही अगदी असंच उचलून नेतात, तेही दिवसाढवळ्या. अंडी फोडून खाल्लेली आणि मानेला चावा, म्हणजे मुंगूस. पूर्ण वाढलेल्या मोठ्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही, आणि कोंबडा असेल तर नाहीच. माझ्याकडे एका बोक्यानं कोंबड्याची लाथ खाल्ली, तेव्हापासून तो लांबूनच जातो.

टेकडीफिऱ्या :
मुंगूस दिवसाचा प्राणी, अंधार पडला की बिळात. रात्री झालं असेल तर उदमांजर किंवा जवादी मांजर बघा. बावधन-पाषाण भागात उदमांजरं घरांच्या छपरांवरसुद्धा राहतात. पत्र्यावर किंवा भिंतीच्या कठड्यावर बिया असलेली विष्ठा सापडते का? उदमांजर फळं भरपूर खातं, त्यामुळे पपई-जांभळाच्या बिया तशाच बाहेर पडतात.

धागाकर्ती :
आत्ताच शिडी लावून पाहिलं. पत्र्यावर बिया आहेत! आम्ही आजवर ते वटवाघळांच्या नावावर खपवत होतो. अंडी रात्रीच फुटली, संध्याकाळी काढायची राहिली होती.

टेकडीफिऱ्या :
म्हणजे गुन्हेगार दोन आहेत. रात्रीचा रानातला, दिवसाचा गल्लीतला.

आधी रानातला. उदमांजर, मुंगूस, रानमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय पकडणं नाही, सापळा नाही. जखमी प्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा. मांजरांसाठी पिंजरा लावणार असाल तरी रानातलं जनावर अडकू नये म्हणून तो सतत नजरेखाली हवा, रात्री उघडा ठेवायचाच नाही. पुण्याच्या आसपास वाघाटी हे रानातलं मांजरही आहे, घरच्या मांजराहून लहान. अंधारात लोक तिला मांजराचं पिल्लू समजतात.

पोत्याचा बेत तर सोडूनच द्या. टेकडीवर सोडलेलं मांजर उपाशी मरतं, नाही मेलं तर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर जगतं. तित्तिर, चंडोल, टिटवी, सगळ्यांची अंडी उघड्यावर. तुमच्या अंगणातला त्रास तुम्ही त्यांच्याकडे पाठवाल, आणि काकूंची थाळी जागेवरच असल्यानं महिन्याभरात दुसरा बोका हजर.

मनीची आई :
मी मांजरवाली आहे, तरी पक्ष्यांच्या बाजूनं बोलते. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, तेव्हा 'आम्ही खायला घालतो, ते कशाला मारेल' याला अर्थ नाही. पण खाणं बंद करा म्हणून काकूंशी भांडूही नका. त्यांना सोबत घ्या. त्या रोज ठरल्या वेळी घालतात हीच तुमची सोय आहे, कारण पकडायला भुकेलं आणि वेळ पाळणारं मांजर लागतं. आठवडाभर रोज खाण्याच्या वेळी पिंजरा नुसता उघडा ठेवून आतच थाळी ठेवायची, मग एके दिवशी दार लावायचं. मांजरीला गाभण राहून नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, आणि पाच-सहा महिन्यांची लहान मादीसुद्धा गाभण राहू शकते. त्यामुळे आधी माद्या. बोका नंतर झाला तरी चालेल. शस्त्रक्रियेनंतर डाव्या कानाचं टोक कापतात, त्यावरून पुन्हा धरू नये हे कळतं. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चौकशी करा, नाहीतर जवळच्या प्राणिसंस्थेत.

उरलेली थाळी रात्रभर बाहेर राहू देऊ नका. घुशी येतात, आणि घूस पिल्लू ओढून नेते ते वेगळंच.

एक अगदी महत्त्वाचं. मांजराच्या तोंडून सोडवलेला पक्षी वरून ठीक दिसला तरी उडवून देऊ नका. दातांतले जंतू त्याला एक-दोन दिवसांत मारतात. खोक्यात घालून लगेच उपचाराला न्या.

मुळशीचा कोंबडीवाला :
आता खुराडं. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला नाही. अर्धा इंची वेल्डमेश (तारा सांध्यांवर जोडलेली ताठ चौकोनी जाळी) घ्या. खाली फूटभर जमिनीत गाडा. तुमच्याकडे खडक लागत असेल तर बाहेरच्या अंगाला दीड फूट आडवी पसरून वर दगड रचा, उकरणारा तिथेच थांबतो. वरूनही झाका. कडीला खटका लावा, नुसती सरकती कडी पंजानं उघडते. अंडी दिवेलागणीच्या आत उचलायची. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत मोकळी सोडू नका, आईसकट जाळीत ठेवा. डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) दुपारी चालेल, पण त्यावर वजन ठेवा. कणी-मका पत्र्याच्या डब्यात. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजरं.

एक वाचक :
शहरात कोंबड्या पाळायच्याच कशाला? बाणेरला अंडी मिळत नाहीत का?

धागाकर्ती :
मिळतात. पण पहाटे चारला आरवणारा कोंबडा मिळत नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. काकूंना सांगून पाहिलं. नसबंदीला तयार आहेत, फक्त 'पिवळ्याला शेवटी न्या, तो घाबरट आहे' अशी अट आहे. सासऱ्यांना वेल्डमेशचा खर्च जास्त वाटतोय. ही जाळी मीटरवर घ्यायची की वजनावर, आणि कुठे?

मुळशीचा कोंबडीवाला :
रविवार पेठेत बोहरी आळीत विचारा. गॅल्व्हनाइज्डच मागा, साधी दोन पावसाळ्यांत गंजते. भाव दोन-तीन दुकानांत काढा आणि जाताना खुराड्याची मापं कागदावर लिहून न्या.