गोबेक्ली टेपे: 'जगातलं पहिलं मंदिर' ही पाटी उतरवायची का?

शिळोप्या (धागाकर्ता)
तुर्कस्तानातल्या शानलिउर्फा शहराजवळ एका टेकडीवर साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे टी-आकाराचे चुनखडीचे खांब वर्तुळांत उभे आहेत. सगळ्यात उंच साडेपाच मीटर, वजन टनांत. घडवणाऱ्यांकडे ना धातू, ना चाक, ना मडकं. १९६३ च्या पाहणीत वर डोकावणाऱ्या शिळा मध्ययुगीन थडग्यांच्या समजून सोडून दिल्या होत्या. पुढे जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट आले आणि १९९५ पासून २०१४ मध्ये वारेपर्यंत खणत राहिले. त्यांची मांडणी अशी: इथे कोणी राहत नव्हतं, शिकारी टोळ्या लांबून विधींसाठी जमत, म्हणजे आधी देऊळ, मग शेती आणि गाव.

मांडणी देखणी आहे, म्हणून तर प्रत्येक व्हिडिओ तिच्यापासूनच सुरू होतो. पण नंतर तिथे राहती घरं सापडली, पावसाचं पाणी साठवायची सोय सापडली, दळण्या-कांडण्याची सात हजारांहून जास्त दगडी साधनं सापडली. एवढं सगळं असताना 'इथे कोणी राहत नव्हतं' कसं म्हणायचं? माझ्या मते 'मंदिर' हा शब्द आता सोडावा.

वेताळटेकडी
साफ असहमत. ड वर्तुळातला १८ क्रमांकाचा खांब नीट पाहा. कडेला कोपरात वाकलेले हात, लांब बोटं पोटावर पट्ट्याच्या वर येऊन थांबलेली, पट्ट्याला लटकलेलं कोल्ह्याचं कातडं, बैठकीवर पक्ष्यांची रांग. आणि एवढं सगळं कोरणाऱ्याने चेहरा मात्र कोरलेला नाही! त्याच काळात तिथली माणसं डुक्कर, विंचू, गिधाडं हुबेहूब कोरत होती, म्हणजे हात बसलेला नव्हता असं नाही. चेहरा मुद्दाम टाळलाय. हे घराचे टेकू नाहीत, हे कोणीतरी *आहेत*. लोक आसपास राहत होते हे मान्य, पण त्याने पूजास्थान कसं खोटं ठरतं?

नांगरट
वेताळटेकडी, मुद्दा जोरदार, पण आपल्या जुन्या वाड्यात देवघर असतं म्हणून वाडा देऊळ होत नाही. घर वेगळं आणि देव वेगळा, ही वाटणी त्यांच्या डोक्यात होती कशावरून? पुरातत्त्वज्ञ टेड बॅनिंग यांनी २०११ मध्येच विचारलं होतं की ही वर्तुळं म्हणजे सजवलेली मोठी घरंच असली तर?

दळणाचं म्हणाल तर भरडलं जात होतं रानटी धान्य. हाडंही हरणं आणि रानबैलांची, म्हणजे शिकारीची. शेती नसतानाही माणसं एका जागी टिकून राहिली, मला खरी गंमत त्यात वाटते. देवळाच्या वादात तिकडे कोणी बघतच नाही.

धूमकेतू_१२
४३ क्रमांकाच्या खांबाबद्दल कोणीच बोलत नाही? गिधाडाच्या पंखावर गोळा, खाली विंचू. ही तारकासमूहांची नोंद आहे. इ.स.पू. १०९०० च्या सुमारास धूमकेतूचे तुकडे आदळले, त्याची तारीख कोरली आहे. एडिंबरातल्या संशोधकांचा निबंध २०१७ चा आहे, माझ्या मनचं नाही.

वेताळटेकडी
निबंध आहे, पण उत्खनन करणाऱ्यांनी त्याला उत्तरही दिलंय. घटनेनंतर हजारभर वर्षांनी बांधलेल्या जागेवर तिची तारीख? शिवाय वर्तुळांवर छप्पर असण्याची शक्यता आहे. छपराखाली वेधशाळा! आणि त्याच खांबावर खाली बिनडोक्याचा माणूस आहे, तो कुठल्या राशीत बसवणार? कवट्यांवर मुद्दाम पाडलेल्या खाचा तिथे सापडल्यात. मला ते प्रकरण मृतांशी जोडलेलं वाटतं.

धूमकेतू_१२
'वाटतं' तुम्हालाही आणि मलाही. फक्त माझ्या वाटण्याला लोक हसतात.

शिळोप्या
कवट्यांच्या मुद्द्याला दाद. पण वेताळटेकडी, श्मिट म्हणत की वर्तुळं विधीपूर्वक पुरली गेली. आता उतारावरून घसरलेल्या मातीदगडांनी ती भरली असावीत, असं तिथल्याच चमूचं मत झालंय. 'देवळाची समाधी' हा पुरावाही निसटला की.

वेताळटेकडी
तो निसटला, मान्य. मग त्याच भागातल्या, त्याच काळातल्या कराहान टेपेला या. २०१९ पासून तिथे खणतायत. एका खोलीत मूळ कातळातूनच कोरलेले दहा खांब आणि भिंतीतून मानेसकट बाहेर आलेलं माणसाचं डोकं, त्या खांबांकडे बघणारं. या खोलीत कोणी स्वयंपाक करत असेल असं म्हणून दाखवा!

नांगरट
स्वयंपाक नसेल. पण त्याच टेकडीवर घरंही आहेत, हे सांगायचं राहिलं तुमचं.