पहिलं मोठं इलेक्ट्रिक एरोबॅटिक रिमोट कंट्रोल विमान जोडतोय, सल्ला हवा आहे

वाऱ्यावर

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं फोमची विमानं उडवतोय, आधी ४ एस (म्हणजे चार सेलची बॅटरी), मग ६ एस. लूप, रोल, नाइफ एज (कुशीवर उडवणं) जमतं, हॉवर (नाक वर करून हवेत उभं ठेवणं) अजून डळमळतं. आता धीर करून ७४ इंची पंखांचं, १२ एसवर चालणारं बाल्साचं विमान घेतलंय. खोकं उघडून दोन दिवस झाले. सगळे भाग टेबलावर मांडून ठेवलेत, पण हात लावायची छाती होत नाही. पुस्तिकेत फोटो भरपूर आहेत, कारणं मात्र कुठेच दिलेली नाहीत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पंखांवरच्या कव्हरिंगला (वरच्या फिल्मला) सुरकुत्या आहेत, त्या आधी काढू की सगळं जोडून झाल्यावर? पंख-शेपटाच्या हलत्या पृष्ठभागांच्या बिजागऱ्या पिनवाल्या दिल्यात आणि इपॉक्सीने बसवायला सांगितलंय. आजवर मी पातळ सीएचा (सुपरग्लूचा) थेंब सोडून काम भागवत आलो, इथे ते का चालू नये? आणि सर्व्होंना (हे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज ईएससीच्या (मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) बीईसीमधून, म्हणजे त्यातल्याच वीजपुरवठ्यातून, घ्यावी की वेगळी बॅटरी लावावी?

रंधा

अभिनंदन! सुरकुत्या आधीच काढा, सुटा भाग हातात फिरवता येतो तोवर. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून कव्हरिंग सैल पडतं. माल खराब आला असं समजू नका. इस्त्रीला सुती मोजा चढवा. कमी उष्णतेवर आधी कडा आणि जोड पक्के दाबून घ्या, मगच उष्णता वाढवून मधला भाग ताणा. उलट क्रमाने केलंत तर ताण कडांवर येतो आणि जोड सरकतात.

बिजागऱ्यांचं कारण असं. फोमच्या विमानाचा एलेव्हेटर (आडव्या शेपटाचा वर-खाली हलणारा भाग) पिसासारखा असतो. इथे तोच वीतभर रुंद आहे, सर्व्हो त्याला ४०-४५ अंशांवर झटक्यात फेकतो आणि तेही वेगात. सगळा भार त्या चार-पाच बिजागऱ्यांवर येतो. म्हणून पिनवाल्या, आणि ३० मिनिटांची इपॉक्सी. ५ मिनिटांची नको, घाई होते. बिजागरीच्या सांध्यावर काडीने किंचित व्हॅसलिन लावा, म्हणजे इपॉक्सी आत शिरून सांधा जखडणार नाही. पिन बरोबर कडेच्या मध्यरेषेवर यायला हवी. बसवल्यावर इपॉक्सी ओली असतानाच पृष्ठभाग दोन्ही बाजूंना पूर्ण वाकवून बघा. कुठे अडत असेल तर तेव्हाच कळतं. सुकल्यावर मधली फट खालच्या बाजूने पारदर्शक टेपने बंद करा. उघड्या फटीतून हवा निसटते, पृष्ठभागाचा जोर कमी होतो आणि फ्लटरलाही (वेगात पृष्ठभाग थरथरण्याला) निमित्त मिळतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट: हॉर्न, म्हणजे पृष्ठभागावरचा तो खुंट ज्याला सर्व्होकडून येणारी पुशरॉड (काडी) जोडतात. माझं एक विमान यातच गेलं. फायबरग्लासचा हॉर्न खाचेत घट्ट बसला, म्हणून त्याला पॉलिश पेपर न मारता तसाच चिकटवला. तिसऱ्या उड्डाणात सरळ खाली सूर मारून बाहेर काढताना एलेव्हेटरने दाद दिली नाही. अवशेष गोळा केले तेव्हा हॉर्न पुशरॉडला लटकत होता आणि त्यावर इपॉक्सीचा कणही नव्हता. एलेव्हेटरच्या खाचेत मात्र हॉर्नच्या आकाराचा इपॉक्सीचा गुळगुळीत साचा जसाच्या तसा होता. इपॉक्सी लाकडाला धरून राहिली होती, हॉर्नला तिने धरलंच नव्हतं. तेव्हा चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, स्पिरिटने पुसा, आणि खाचेत जाणाऱ्या भागाला दोन-तीन बारीक भोकं पाडा. इपॉक्सी भोकांतून आरपार जाते आणि खिळ्यासारखं काम करते.

आडवं शेपूट चिकटवायचं असेल तर तिथलं कव्हरिंग कापायला ब्लेड घेऊ नका. ब्लेडचा ओरखडा बाल्सावर उठतो आणि शेपूट नेमकं त्याच रेषेवर मोडतं. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक पट्टीच्या कडेने हलकं फिरवा. कव्हरिंग वितळून सुटतं, लाकडाला धक्का लागत नाही.

तांब्याची तार

विजेचं मी सांगतो. या आकाराला रिसीव्हर आणि सर्व्होंसाठी वेगळी बॅटरी लावाच. मोठे डिजिटल सर्व्हो जोर लागला की प्रत्येकी काही अँपियर ओढतात, आणि झपाट्याच्या कसरतीत चार-पाच एकदम ओढतात. त्यात ईएससी जळाला आणि वीज त्याच्याच बीईसीमधून येत असेल, तर मोटर आणि नियंत्रण दोन्ही एकदम जातं. वेगळी बॅटरी असेल तर मोटर बंद पडूनही विमान तरंगत उतरवता येतं. सर्व्हो ८.४ व्होल्ट सोसणारे असतील तर २ एस लिपो थेट चालते, नसतील तर मध्ये रेग्युलेटर हवा. शक्य असेल तर दोन बॅटऱ्या आणि दोन स्विच लावा.

६ एसच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडणार असाल तर दोन्ही एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या ठेवा आणि जोडीनेच वापरा. पूर्ण चार्जला १२ एस म्हणजे ५०.४ व्होल्ट. जोडताना ईएससीतले कपॅसिटर एकदम भरतात, मोठी ठिणगी पडते आणि कनेक्टरचं तोंड काळं होत जातं. अँटिस्पार्क कनेक्टर घ्या. बॅटरी ईएससीपर्यंत पोचत नसेल तर बॅटरीकडच्या तारा वाढवू नका, मोटरकडच्या वाढवा. बॅटरीकडची लांबी वाढली की व्होल्टेजचे झटके ईएससीच्या कपॅसिटरवर येतात.

मोटर माउंटच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक लावा, पण ते प्लॅस्टिकला लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं. लाकडात जाणारा स्क्रू एकदा फिरवून काढा, भोकात पातळ सीएचा थेंब सोडा, पूर्ण सुकू द्या आणि मग कायमचा बसवा. आटे टणक होतात.

आणि कळकळीची विनंती: रेडिओचं सेटिंग चालू असेपर्यंत प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढूनच ठेवा. २२ इंची प्रॉप खोलीत फिरला तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर) थ्रॉटल शून्य होतो का, तेही प्रॉप काढलेला असतानाच ट्रान्समीटर बंद करून बघा.

वाऱ्यावर

दोघांचेही मनापासून आभार. हॉर्नचं वाचून पुस्तिकेतलं ते पान पुन्हा उघडलं, तिथे घासण्याबद्दल एक शब्दही नाही. अजून एक विचारतो. रडर (उभ्या शेपटाचा हलणारा भाग) बोटाने हलवला तर टोकाला दोनेक मिलिमीटर हलतो, सर्व्हो चालू असूनही. एवढं चालेल का? आणि सीजी (विमानाचा तोलबिंदू) कसा बघू?

रंधा

नाही चालणार. फोमवर ते खपून जातं, पण इथे तोच प्ले (ढिलेपणा) वेगात फ्लटर होतो. एलेरॉनचा (पंखावरच्या हलत्या भागाचा) फ्लटर मी ऐकलाय, मोठ्या भुंग्यासारखी घरघर येते आणि दोन सेकंदांत बिजागऱ्या उखडतात. प्ले कुठे आहे ते शोधा. एका हाताने सर्व्हो आर्म धरा, दुसऱ्याने रडर हलवा. तरीही हलला तर बॉल लिंक (पुशरॉडच्या टोकाचा गोळीचा सांधा) किंवा हॉर्नचं भोक सैल आहे. आर्मच हलत असेल तर सर्व्होचे गिअर किंवा आर्मचा स्क्रू. प्लॅस्टिकचा आर्म असेल तर धातूचा बसवा.

शिवाय ट्रान्समीटरमध्ये सर्व्होची हालचाल किती टक्क्यांवर आहे ते बघा. ५०-६० टक्क्यांवर आणून ठेवली असेल तर तसं करू नका. पुशरॉड आर्मच्या आतल्या भोकात घ्या आणि हालचाल १०० टक्क्यांच्या आसपास आणा. जोरही वाढतो, प्लेही कमी होतो.

सीजी बॅटऱ्या बसवून, कॅनोपी लावूनच बघा. पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्याच्या पुढच्या टोकापासून सुरुवात करा. हवेत तपासायला ४५ अंशांत वर चढवा, अर्धा रोल करून उलटं करा आणि एलेव्हेटर सोडून द्या. नाक लगेच जमिनीकडे वळलं तर पुढे जड आहे. हळूहळू वळलं तर या प्रकारच्या उड्डाणाला ठीक. वरच चढत राहिलं तर मागे जड, बॅटरी पुढे सरकवा.

वाऱ्यावर

सापडलं. बॉल लिंकचा बोल्ट आर्ममध्ये आवळलेला नव्हता, त्याच्या बारीक नटला कारखान्यातून थ्रेडलॉकच नव्हतं. बाकीचे तीनही उघडून बघतो. एलेव्हेटरचे दोन्ही हॉर्न घासून, भोकं पाडून आत्ताच बसवले, टेपने आवळून ठेवलेत. उद्या संध्याकाळी इपॉक्सी पूर्ण मुरली की ओढून बघेन आणि फोटो टाकतो.