जामीनदार म्हणजे नेमकं कोण?

महालकर: बाबांनी 2021 मध्ये त्यांच्या इतवारीतल्या मित्रासाठी एका पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली. हप्ते थकले आणि काल नोटीस आली बाबांच्या नावाने. सकाळपासून कागद हातात धरून एकच म्हणतात, ‘मी जामीन दिला, कर्ज नाही घेतलं.’ त्यांच्या डोक्यात कोर्टातला जामीन आहे. कसं समजावू जी?

सिव्हिल लाइन्सचा वकील: शब्द एकच, अर्थ दोन. फौजदारीत जामीनदार आरोपी तारखेला हजर राहील याची हमी देतो. आरोपी पळाला तर बंधपत्रातल्या रकमेपुरता अडकतो. कर्जात 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 128 लागतं. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर जबाबदारी कर्जदाराइतकीच, व्याजासकट. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ हे सहसा चालत नाही. नोटीस महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 ची, म्हणजे थकबाकी वसुलीच्या अर्जाची, आहे का ते आजच बघा. असेल तर सहकारी संस्थांच्या निबंधकांपुढे तारीख चुकवू नका, लेखी म्हणणं द्या. वसुली दाखला, म्हणजे रक्कम वसूल करायचा आदेश, निघाल्यावर फार धावपळ होते.

प्रतापनगरकर: बाबांना न विचारता व्याज किंवा अटी बदलल्या होत्या का? करार कायद्याच्या कलम 133 प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटतो. आणि भरावे लागलेच, तर पावती जपा. ती रक्कम मित्राकडून मागायचा हक्क बाबांना आहे.

महालकर: बाबांना वाचून दाखवलं. ‘व्याजासकट’वर थांबले, चष्मा काढला. उद्या करारनाम्याची नक्कल मागायला दोघं जातो.