सीनाकाठच्या गावाला मदत करायची आहे: ट्रक न्यावा की पैसे द्यावेत?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या चिखलीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा आमचं अख्खं घर पाण्यात होतं. लोकांनी भरभरून दिलं, ते जन्मात विसरणार नाही. पण पहिल्या आठवड्यात बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या इतक्या आल्या की ठेवायला जागा उरली नाही. जुन्या कपड्यांचे ढीग व्हरांड्यातच भिजून कुजले. आणि पाणी ओसरलं, घरात गुडघाभर गाळ, म्हशींना वैरण नाही, पंपाची मोटार जळालेली, तोवर गाड्या यायच्या थांबल्या होत्या. तेव्हा एक अनोळखी गृहस्थ आले. हातात काहीच नव्हतं. आईला म्हणाले, "काकू, काय लागतंय ते सांगा." दुसऱ्या दिवशी वैरणीची ट्रॉली, फावडी, खराटे आणि फिनेल घेऊन हजर.

या सप्टेंबरात (२०२५) सीना नदीच्या पुरानं सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात शेतं खरवडून नेली. आमच्या मंडळानं नवरात्राचा खर्च कमी करून ४२ हजार जमवलेत. पोरांना धान्याचा ट्रक न्यायचाय, फोटोसाठी नव्हे, खरंच तळमळीनं. मला वाटतं रब्बीचं बियाणं द्यावं. पण गावात ओळख नाही. कुणाला द्यायचं हे कसं ठरवावं? तिकडचं कुणी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी माढ्याकडचीच. ट्रक नका आणू, डिझेलातच पैसे जातील. आधी दोघंजण येऊन एक दिवस गावात फिरा. तलाठ्याच्या पंचनाम्यात ज्याच्या नावावर जमीन आहे तोच दिसतो. वाट्यानं शेती करणारे आणि मजूर त्यात नसतात. ती घरं गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना आणि शाळेतल्या गुरुजींना माहीत असतात, त्यांना विचारा. बियाणंही सरसकट नको. ज्याची मातीच वाहून गेली, तो पेरणार कशात? त्याला आधी गाळमाती टाकायला ट्रॅक्टरचं भाडं लागेल. बियाणं इथल्याच कृषी सेवा केंद्रातून घ्या, पैसे दुकानदाराला थेट द्या आणि नावानिशी पावती घ्या, म्हणजे मंडळाला हिशोब दाखवता येईल. आणि थोडे पैसे मागे ठेवा. दिवाळीनंतर पोरांची वह्या-पुस्तकं आणि एसटीच्या पासाची अडचण येते, तेव्हा कुणी विचारायला येत नाही.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघं निघतो. गाळमातीच्या एका ट्रॉलीला तिकडं साधारण काय भाडं पडतं?