मदत हवी आहे: स्वयंपाकघरातली सागवानी दारं पुन्हा पॉलिश करायची आहेत

नमस्कार मंडळी. आमच्या ठाण्याच्या घरात ओट्याखालच्या आणि वरच्या कपाटांना सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेली अस्सल सागवानी दारं आहेत. लाकूड अजून ठणठणीत आहे. पण गॅसवरच्या दारांवर फोडणीचा चिकट थर बसलाय, आणि मुठींभोवतीचं पॉलिश उडून लाकूड काळं पडलंय.

एक सुतार म्हणतो, सरळ सनमायका मारू. असं सागवान झाकून टाकायला माझं मन अजिबात धजत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, जुनं पॉलिश घासून काढायचं, मग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर) आणि वर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन हात. मेलामाईन हे दुसरं पॉलिश स्वस्त पडतं, पण उष्णता आणि ओलाव्यात पीयू जास्त टिकतं, म्हणून माझा कल तिकडेच आहे.

तेलकटपणा राहिला तर नवा हात नीट धरत नाही. मग घासण्याआधी चांगले कारागीर दारं कशानं धुतात? गॅसजवळ मॅट बरं की ग्लॉसी? सासूबाईंना दमा आहे, थिनरचा वास चालणार नाही. दारं काढून वर्कशॉपमध्ये नेऊन स्प्रे करून देणारं ठाणे-मुलुंडकडे कोणी आहे का? पाण्यावर आधारित पीयू कुणी स्वयंपाकघरात वापरलंय का? चौरस फुटाचा दर मालासकट काय पडला, तेही कृपया सांगा.