मदत हवी आहे: पालवा (अपोलो) बंदरावरच्या ताजचं जुनं पोस्टकार्ड, साल कसं ठरवायचं?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. आत्याचं घर आवरताना पत्रांच्या गठ्ठ्यात एक पोस्टकार्ड सापडलंय, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचं, समुद्राच्या बाजूने घेतलेला फोटो आणि त्यात छापखान्यात भरलेले रंग. मधला मोठा घुमट, कोपऱ्यांवरचे छोटे, खाली रस्त्यावर घोडागाड्या, आणि उजव्या हाताला म्हणजे आज ताजचा टॉवर आहे साधारण तिथे एक ठेंगणी गॅलऱ्यांची इमारत. तिच्याही पुढे धक्क्याचा कोपरा दिसतो पण गेटवेचा पत्ताच नाही.

मागे मधोमध उभी रेघ. डावीकडे मजकूर मोडीत आहे, उजवीकडे रत्नागिरीकडचा पत्ता इंग्रजीत. अगदी तळाला बारीक अक्षरात 'प्रिंटेड इन सॅक्सनी', प्रकाशकाचं नाव नाही. तिकीट कोणीतरी उपटून नेलंय आणि त्याबरोबर शिक्क्याचा अर्धा भागपण, त्यामुळे 'बॉम्बे' आणि ऑगस्ट एवढंच वाचता येतं, साल गेलं.

एका जुन्या वस्तू विकणाऱ्यांना फोटो पाठवला तर म्हणे १९०३ चं आहे, हॉटेलच्या उद्घाटनाचं, आणि लगेच पुढच्या वाक्यात मीच घेतो. दुसऱ्यांनी बघितल्या बघितल्या रीप्रिंट ठरवलं. आता धाकटा भाऊ म्हणतोय लॅमिनेट करून फ्रेम करू. तर साल कसं काढायचं, रीप्रिंट आहे का हे घरच्या घरी कळेल का, आणि भावाला थांबवू का?

खट्याळ कावळा:
भावाला आधी थांबवा, बाकीचं नंतर!!

टपालकी:
कावळ्याशी सहमत. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही, काढायला गेलं की वरचा थर सोबत येतो. चिकट पानांचे जुने फोटो अल्बमही नकोत आणि बाजारातली वास येणारी पीव्हीसीची पाकिटं तर नकोतच. ॲसिड-फ्री किंवा पॉलिएस्टरचं पाकीट घ्या, कोरड्या जागी आडवं ठेवा, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि ओल्या फडक्याने पुसू नका, मोडीतली शाई पाण्याने पसरू शकते.

आता साल. इथे तीन वेगवेगळी सालं असतात आणि विकणारे ती सोयीने एक करतात: फोटो कधी काढला, कार्ड कधी छापलं आणि पोस्टात कधी पडलं. एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरून कार्डं छापायचे, त्यामुळे फोटोत गेटवे नाही म्हणजे कार्ड तेवढंच जुनं असं आपोआप होत नाही.

१९०३ तर मला पटतच नाही. ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ ला आणि तुमचा शिक्का ऑगस्टचा, म्हणजे पोस्टात पडलं ते लवकरात लवकर १९०४. वरची मर्यादा सॅक्सनीमुळे मिळते, सॅक्सनी म्हणजे जर्मनीतलाच एक प्रांत. त्या काळी रंगीत कार्डांची छपाई मोठ्या प्रमाणावर जर्मनीत व्हायची, इथून काळापांढरा फोटो जायचा आणि तिथला कारागीर रंग भरायचा, ज्याने मुंबई जन्मात पाहिलेली नसायची (म्हणून कुठे समुद्र पोपटी तर कुठे घुमट भलत्याच रंगाचा). ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तो माल यायचा बंद झाला. शिल्लक साठा नंतर विकला गेला असेल ते वेगळं, पण छपाई १९१४ च्या आधीची धरा.

मधल्या रेघेचं म्हणाल तर सुरुवातीच्या कार्डांवर मागची पूर्ण बाजू पत्त्यासाठीच असायची, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. रेघ मारून अर्धी बाजू मजकुराला द्यायची सूट ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, जर्मनीने १९०५ मध्ये, अमेरिकेने १९०७ मध्ये. कार्ड जर्मनीत छापलेलं आहे त्यामुळे माझा कल १९०५ च्या पुढे.

दर्याकिनारी:
ती ठेंगणी इमारत बहुतेक ग्रीन्स हॉटेल. ते पाडून त्या जागी सत्तरच्या दशकात टॉवर झाला. गेटवेबद्दल एक सांगतो, राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये पालव्याला उतरले तेव्हा कमान नव्हतीच, ती त्या भेटीच्या स्मरणार्थ नंतर बांधली, आराखडा जॉर्ज विटेटचा, आणि खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. त्यामुळे लोक राजाराणी गेटवेतून आत आले असं जे ठोकून देतात ते सोडून द्या. पण 'गेटवे नाही' एवढ्यावर फोटो १९०३ ते वीसच्या सुरुवातीपर्यंत कुठलाही असू शकतो, धक्का मोकळा आहे की बांधकाम चालू आहे ते नीट बघा.

भिंगवाला:
रीप्रिंटचं मी सांगतो. दहा पट भिंग घ्या, आकाशाचा भाग बघा. सगळीकडे रंगीत ठिपके एकसारख्या फुलांसारख्या गोल नक्षीत बसलेले दिसले तर आधुनिक ऑफसेट छपाई. ठिपके नसून वेडावाकडा सुरकुतल्यासारखा कण दिसला तर कोलोटाइप, ते जुनं तंत्र. जुन्या कार्डांतही ठिपके असू शकतात, त्यामुळे नुसते ठिपके दिसले म्हणून रद्दीत काढू नका, नक्षी बघायची.

दुसरी टेस्ट सोपी. दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याखाली अंधारात धरा. हल्लीच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन असतं, तो निळसर चमकतो, पहिल्या महायुद्धाआधीचा कागद तसा चमकत नाही. कार्ड चमकलं तर खेळ खल्लास. नाही चमकलं तर पक्कं काही नाही पण चांगलं लक्षण.

तसंही रीप्रिंटवर कोण कशाला मोडीत पत्र लिहून पोस्टात टाकेल?

टपालकी:
आणि हो मुख्य राहिलं, मोडी मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी मिती असणार. शके सापडला तर त्यात ७८ मिळवा, ऑगस्ट आहे त्यामुळे ७८ च. एखाद्या मोडी जाणणाऱ्याला दाखवा, तुम्ही छपाईत साल शोधताय आणि ते हाताने लिहिलेलं असायचं.

उंबरठा:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद _/\_ भावाला थांबवलंय, तो रुसलाय. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांच्या दिव्याखाली धरलं, कार्ड मंदच राहिलं, शेजारी ठेवलेलं त्यांचं बिल मात्र ट्यूबलाइटसारखं पेटलं. भिंगातून फुलांची नक्षी दिसत नाही. धक्का मोकळा आहे, बांधकाम नाही.

आणि ओळखीच्या एका काकांनी मोडी वाचून दिलं: श्रावण शुद्ध, शके १८३२! तिथीचा आकडा शिक्क्याच्या शाईखाली गेलाय. मजकुरात ताजबद्दल एक अक्षर नाही, प्रकृती बरी आहे, पावसामुळे आगबोटी बंद आहेत, सुरू झाल्या की पहिल्या बोटीने निघतो, दळण वेळेवर आणा.

टपालकी:
मग संपलं की. १८३२ अधिक ७८ म्हणजे १९१०, श्रावण आणि ऑगस्टही जुळतात. पोस्टात पडलं १९१० मध्ये, छपाई त्याच्या आधीची. सातवा एडवर्ड त्याच वर्षी मे महिन्यात वारला, पण पंचम जॉर्जची तिकिटं इथे १९११ च्या अखेरीस आली, म्हणजे उपटलेलं तिकीट बहुधा एडवर्डचंच असणार. देशातल्या देशात कार्डाला तेव्हा पाव आणा पडायचा, तो अर्धा आणा १९२२ मध्ये झाला, तेव्हा तिकीट नेणाऱ्याने फार मोठं घबाड नेलं असं नाही. कार्डाचं नुकसान मात्र झालं, पूर्ण शिक्का असता तर संग्राहकाने जास्त दिले असते. ताजची कार्डं पुष्कळ छापली गेली, त्यामुळे चित्राला दुर्मीळ म्हणणार नाही. मोडी मजकूर, कोकणचा पत्ता आणि साल माहीत असणं ही तुमच्या कार्डाची खरी बाजू.

दर्याकिनारी:
पावसाळ्यात आगबोट बंद हे अगदी बरोबर. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय माणूस गावी पोचायचा नाही, घाटातून गेला तर गोष्ट वेगळी.

भिंगवाला:
विकायचं ठरलंच तर परदेशातल्या गिऱ्हाईकाला परस्पर पाठवू नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. आणि ते 'मीच घेतो'वाले परत आले तर त्यांना १९१० आकडा सांगून भाव विचारा, इथे कळवा.

उंबरठा:
विकत नाहीये. दोन्ही बाजूंचं स्कॅन करून भावाला त्याचीच फ्रेम करून देते, मूळ कार्ड पाकिटात. पॉलिएस्टरची पाकिटं सुटी मिळतात का, का शंभराचा गठ्ठाच घ्यावा लागतो?

टपालकी:
गठ्ठाच घ्या. आत्याच्या त्या पत्रांच्या गठ्ठ्यात अजून काय निघेल सांगता येत नाही.