रोबोट व्हॅक्यूमचे ब्रश जोर धरत नाहीत

प्रश्न: फरशीवर मुख्य ब्रश ठीक फिरतो, पण सतरंजीवर चढला की मंदावतो आणि मशीन बंद पडतं. बाजूचा छोटा ब्रशही अडखळतो. वरवरचे केस काढलेत. मोटर बदलावी का?

उत्तर १: एवढ्यात नको. ब्रश काढून दोन्ही टोकांच्या टोप्या ओढून बघा. खरं गुंतवळ तिथे, बेअरिंगपाशी (ज्यावर ब्रशचं टोक फिरतं तो भाग) साचतं; बाहेरून ब्रश अगदी स्वच्छ दिसतो. चिमट्याने सगळं काढा. टोपी बोटाने अलगद फिरली पाहिजे. करकरली तर बेअरिंग गेलं. मग ब्रश न लावता मशीन उलटं धरून चालू होत असेल तर करा, बोटं लांब ठेवा. ज्या खाचेत ब्रश बसतो ती एकसारखी फिरली तर मोटर बहुधा ठीक आहे. ‘टक टक’ आवाज आला तर गिअरचे दाते झिजलेत. अशा वेळी मोटर-गिअरचा अख्खा जोड बदललेला बरा.

उत्तर २: छोट्या ब्रशचा मधला स्क्रू काढा. खाली दांड्याला केसांचं कडं वळलेलं असतं, तेच गिअरमध्ये शिरतं. तेल मात्र अजिबात सोडू नका, धूळ चिकटून लगदा होतो. ब्रशचे वाकडे तंतू गरम पाण्यात थोडा वेळ धरले की सरळ होतात.

उत्तर ३: बॅटरीही तपासा. पूर्ण चार्जनंतर पहिली 10 मिनिटं जोर असेल आणि मग ब्रश मंदावत असेल, तर दोष तिचा. आणि सतरंजीच्या दशा आत दुमडा, ब्रश त्यातच अडकतो.